पाडव्याचे भाष्यकार

जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडी घ्या नाहीतर श्यामनगर, प्रत्येक सोसायटीत एक पाडवातज्ज्ञ असतोच. एक जानेवारीला भल्या पहाटे 'हे आपले नववर्ष नव्हे' असा संदेश ग्रुपवर टाकून तो भिंतीवर नवं कालनिर्णय टांगतो. तेही जानेवारीपासूनच सुरू होतं, याबद्दल त्याची तक्रार नसते. चैत्रात मात्र त्याच्या वाणीला बहर येतो. पहिल्या मजल्याच्या ग्रिलला सुतळीने गुढीची काठी आवळता आवळता तो खालून जाणाऱ्याला अडवतो आणि सुनावतो, "अहो, पाडवा म्हणजेच वर्षारंभ. शब्दातच आहे!"

शब्दात वर्षाचा मागमूसही नाही. पाडवा हे प्रतिपदेचं प्राकृतातून झिजून आलेलं रूप. अर्थ एवढाच, की पंधरवड्याची पहिली तिथी. या हिशेबाने वर्षाला निदान चोवीस पाडवे पडतात. (श्रीखंडाच्या दृष्टीने वार्ता शुभ आहे.) वर्ष सुचवायचं म्हणून तर जुनी माणसं संवत्सरपाडवा म्हणत, आणि गोव्यात अजून संवसर पाडवो म्हणतात. शिवाय कार्तिक शुद्ध प्रतिपदाही पाडवाच. त्या दिवशी विक्रम संवत बदलतो, समोरच्या ब्लॉकमधले गुजराती शेजारी 'साल मुबारक' म्हणत मिठाई घेऊन येतात. तज्ज्ञ ती मिठाई खातो, बायकोकडून ओवाळून घेतो आणि सिद्धांताचं त्या दिवशी नावही काढत नाही.

"मग शालिवाहनाचं काय?" हे त्याचं ठेवणीतलं अस्त्र. पण इसवी सन 78 पासून मोजल्या जाणाऱ्या या कालगणनेला नाव आहे ते शकांचं. जुन्या शिलालेखांत नुसता शककाळ येतो, शालिवाहन कित्येक शतकांनी त्याला येऊन चिकटला. इथली जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली. ती खोदणाऱ्यांना 'शालिवाहन शक' म्हटलं असतं, तर बहुधा छिन्नी थांबवून त्यांनी 'कोण?' असं विचारलं असतं.

म्हणजे चैत्रपाडवा नववर्षच नव्हे, असं कुणी म्हणेल. तसं मुळीच नाही. पंचांगात शकाचा आकडा आणि संवत्सराचं नाव बदलतं ते याच दिवशी. वर्ष कुठे सुरू करायचं हे लोक ठरवतात, आणि इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या ते चैत्रात ठरवलेलं आहे. 1957 पासून सरकारी राष्ट्रीय पंचांगाचा चैत्र मात्र 22 मार्चला, लीप वर्षी 21ला लागतो, मग तिथी काही का असेना. त्याबद्दल तज्ज्ञाने दिल्लीला अजून पत्र धाडलेलं नाही. तेव्हा निवाडा असा, की गृहस्थाचा आचार बिनचूक, व्युत्पत्ती साफ चूक. त्याने दिलेली कडुलिंबाची चटणी निमूट खावी. शब्दार्थ साभार परत करावा.