नावे ठेवणाऱ्यांचे उपकार

कुणाचे नाक, पोट किंवा चाल बघून चटकन नाव पाडणारा रिकामटेकडा गावोगाव असतो. शहाणी माणसे त्याला टवाळ म्हणतात. माझ्या मते त्याच्याइतके टिकाऊ काम भल्याभल्या राजांनाही जमलेले नाही.

प्राचीन रोमचेच घ्या. तिथे पुरुषांची पाळण्यातली नावे इनमिन दीड-दोन डझन. जिकडेतिकडे मार्कस आणि गायस. ओळख पटायची कशी? ती अडचण टवाळांनी सोडवली. नाकाड्या तो नासो, लठ्ठ तो क्रॅसस, मठ्ठ तो ब्रूटस. आणि ही चेष्टा माणसाबरोबर सरणावर गेली नाही. नातवाचे नाक बेताचे निघाले तरी तो नासोच.

कुण्या पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच, म्हणून अख्खे घराणे सिसेरो, म्हणजे हरभरे! घराण्यातला वक्ता राजकारणात उतरला तेव्हा मित्र म्हणाले, हे नाव टाक. त्याने टाकले नाही. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, सिसिलीत अधिकारी असताना त्याने देवाला चांदीची वस्तू वाहिली. तिच्यावर पहिली दोन नावे अक्षरांत कोरली आणि तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याचा दाणा कोरायला लावला. नावाची चाड असावी तर अशी.

सीझर या नावाचे भाग्य तर त्याहून थोर. जुन्या रोमन लेखकांनी दिलेल्या त्याच्या अर्थांपैकी एक आहे ‘दाट केसांचा’. ज्युलियस सीझरला टक्कल होते. मागचे केस पुढे ओढून तो ते झाकी. नावाचे काही बिघडले नाही. इ.स. 68 मध्ये नीरोबरोबर घराणे संपले, तरी पुढच्या सम्राटांनी तेच नाव पदवी म्हणून लावले. जर्मनीत त्याचे कैसर झाले, रशियात झार. 1547 मध्ये रशियाच्या चौथ्या ईव्हानला झार म्हणून अभिषेक झाला. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीची ‘कैसर-ए-हिंद’ अशी द्वाही फिरली आणि 1919 मध्ये त्याच नावाचे पदक केडगावच्या पंडिता रमाबाईंना मिळाले. केसांवरून केलेली थट्टा अशी थेट केडगावला पोचली. दिग्विजय म्हणतात तो हाच.

म्हणून टकले, नाकाडे, पोटफोडे, बोबडे अशा सर्व मंडळींना कळकळीची विनंती: मुलांची लग्ने अडतील या धास्तीने राजपत्रात आडनाव बदलू नका. शरद बोबडे 2019 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, ते याच आडनावाने.