प्रोसिजरबाई

नर्सिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये चार नमुने हमखास सापडतात. पहिली मार्करवाली. हिच्या पुस्तकात पिवळा न झालेला शब्द शोधून काढावा लागतो. दुसरी झेरॉक्सवाली. मैत्रिणीच्या नोट्सची झेरॉक्स काढली की अभ्यास झाला, अशी तिची श्रद्धा. तिसरी उद्यापासूनवाली. तिचं टाइमटेबल स्केचपेनांनी रंगवून भिंतीवर लागतं, पण ते रंगवण्यातच पहिलं युनिट निघून जातं. आणि चौथी प्रोसिजरबाई. अमरावतीच्या इर्विन चौकात सकाळी सातच्या सुमारास जाळीत बांधलेला अंबाडा, खिशात कात्री, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ अशी एखादी मुलगी ओठ हलवत झपाझप जाताना दिसली, तर ती स्तोत्र म्हणतेय असं समजू नका. ती कॅथेटर केअरच्या पायऱ्या म्हणत असते.

आमच्या वरच्या खोलीत नर्सिंगच्या मुली भाड्यानं राहतात, म्हणून हा नमुना मला जवळून पाहायला मिळतो. ही बहुधा दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यातून, मराठी माध्यमात बारावी आर्ट्स करून तीन वर्षांच्या जीएनएमला आलेली असते. पहिल्याच आठवड्यात तिला मानेतला एक स्नायू भेटतो, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. "आमच्या अख्ख्या भावकीत एवढं लांब नाव कोणाचंच नाई काका," असं मला म्हणते आणि मग फोनवर आईजवळ रडते. आई नुकतीच कापूस वेचून घरी आलेली असते. ती फक्त एकच प्रश्न विचारते, "जेवली काय व?" उत्तर नेहमीच 'नाई' असतं. जेवल्यावर स्नायूचं नाव काही आखूड होत नाही, पण रडू थांबतं.

मग ती घराचाच वॉर्ड करून टाकते. आधी बेड मेकिंग. चारी कोपरे असे घट्ट खोचते, की आमच्या आजोबांचे पाय चादरीत शिरेनात. नंतर आजोबांची नाडी. मनगटावर तीन बोटं, नजर घड्याळावर. एक मिनिट होतं, तरी ती हात सोडत नाही. आजोबा घाबरतात. "काऊन व, लय वेळ लावली. आटोपलं काय माहं?" खरी गोष्ट अशी, की नाडी केव्हाच मोजून झालेली असते आणि ती आता श्वास मोजत असते. श्वास मोजतेय असं सांगितलं तर माणूस मुद्दाम वेगळा श्वास घेतो, म्हणून हात तसाच धरून ठेवायचा आणि डोळ्यांनी छाती पाहायची. ही युक्ती तिनं पुस्तकात वाचली होती, पण ती पक्की झाली आजोबांवर. आजोबांनी मात्र त्याच संध्याकाळी सातबाऱ्याचे कागद काढायला सांगितले.

तिचा अभ्यास आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर चालतो. धडा आज वाचला की उद्याच्या, पुढच्या आठवड्यातल्या आणि पुढच्या महिन्यातल्या तारखेला गोल. त्या-त्या दिवशी पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं आणि मगच पुस्तक उघडून चुका पाहायच्या. हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ साली स्वतःवरच निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर पुसलं जातं आणि उजळणीनं टिकतं. पण आमच्या सौभाग्यवती त्याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतात. महिनाअखेरीला दूधवाला रडकुंडीला आला. "काकू, त्या दिवशी मी दूध देलं होतं ना व!" वरून आवाज आला, "ते दूध नाई, ते किडनी हाये!"

औषध देण्याचे पाच नियम तिनं वऱ्हाडीत बसवलेत: कोणाले, कोणतं, किती, कुठून, कवा. पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ. या पाच 'क'मधला एक जरी चुकला तरी गोळी द्यायची नाही. वॉर्डात हे सोन्यासारखं आहे, घरी मात्र आफत. शुगरवाल्या पाहुण्यासमोर चहा येतो, तर ही विचारते, "कोणाले?" पाहुणे म्हणतात, "मले." "किती?" "दोन चमचे." कप परत स्वयंपाकघरात. तरी सौभाग्यवती तिच्यावर खूश असतात, कारण तिची खरी शिकवणी स्वयंपाकघरातच चालते. मधुमेहात पायाची जखम का चिघळते, हे भाकरी थापणाऱ्या बाईला कळेल असं सांगता आलं, तरच धडा आला असं ती मानते. सौभाग्यवती आता रोज माझे तळपाय तपासतात.

सुटीत ती बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला मावशीकडे जाते. डब्यात कोणी तरी विचारतं, "काय शिकतं व बाई?" 'नर्सिंग' म्हटलं की पिशव्यांमधून रिपोर्ट निघतात. मूर्तिजापूर येईपर्यंत एकाचे गुडघे, दुसरीचा थायरॉइड आणि तिसऱ्याचा न थांबणारा खोकला तिच्यासमोर येऊन जातो. औषध ती कोणालाच सांगत नाही. "डॉक्टरले दाखवा बाप्पा, मी अजून शिकून राहिलो," असं म्हणते. पण थायरॉइडच्या धड्याला तिच्या डोक्यात आता निळ्या लुगड्यातली एक बाई बसलेली असते, आणि ती परीक्षेतही जागची हलत नाही.

मावशी तिला श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराच्या देवळात नेते. पिंडीवर अभिषेकपात्रातून थेंब पडत असतात. मावशी डोळे मिटून हात जोडते, ही डोळे उघडे ठेवून घड्याळ पाहते. पाचशे मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट वीस थेंबांचा, तर मिनिटाला एकवीस थेंब. "मावशी," ती कानात सांगते, "देवाची सलाइन लय फास्ट चालू हाये." घरी आल्यावर साबणानं हात धुण्याचा कार्यक्रम चाळीस ते साठ सेकंद चालतो. जिथं नळ रोज येत नाही तिथं मावशीचा जीव कासावीस होतो. मग तोडगा निघतो: चोळताना नळ बंद.

परीक्षेच्या आदल्या रात्री खरी गंमत. बाकीच्या तिघी चहावर चहा पीत एकमेकींना विचारत असतात, "तुले येते काय व?" "मले तर काईच येत नाई!" हे भय खोकल्यापेक्षा लवकर पसरतं. ही साडेदहाला चादर ओढते. "झोपेतच डोक्यात बसते सगळं," एवढंच बोलते आणि घोरते. दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक विचारतात, "इंजेक्शन देताना सर्वांत आधी काय करशील?" रात्रभर जागलेली सुईपासून सुरू करते. ही म्हणते, "मी हात धुतो." परीक्षकांना वाटतं मुलगी घाबरली. त्यांना काय माहीत, की वऱ्हाडातली बाई घाबरली नसली तरी 'धुतो'च म्हणते!

पण तिचाही एक दिवस वाईट येतो. जिला सकाळी पेज भरवली ती म्हातारी दुपारी जाते. कॉट रिकामी होते, चादर बदलावी लागते आणि कोपरे तेवढेच घट्ट खोचावे लागतात. त्या दिवशी ती कालनिर्णयाकडे पाहत नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरजवळ बसते, बोलते, रडते. रात्री मैत्रिणी तिला ओढत गिला वडा खायला नेतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिनं खोलीच्या दारावर केव्हाच चिकटवून ठेवलाय. मनावरचा ताण आतल्या आत दाबून ठेवणं तिच्या कुठल्याच प्रोसिजरमध्ये बसत नाही.

तेव्हा तुमच्या घरी अशी पोट्टी असेल तर नाडी मोजायला तिच्यापुढे हात करा, ती सांगेल तो धडा समजो न समजो ऐका, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती लवकर झोपली तर उठवू नका. मार्करवाली, झेरॉक्सवाली, उद्यापासूनवाली सगळ्या पुढेमागे पास होतील. पण उद्या मलाच कॉटवर पडायची वेळ आली, तर सलाइन लावायले मले प्रोसिजरबाईच पायजे.