बिअरसाठी काडतूस

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन बातम्या कधी चुकत नाहीत. एक, ‘गावठी कट्ट्यासह दोन जिवंत काडतुसे जप्त’. दुसरी, ‘मोहाचा सडवा नष्ट, गावठी दारू पकडली’. वर्षानुवर्षं या बातम्या एकाच पानावर शेजारी शेजारी नांदल्या, पण त्यांची सोयरीक काही जुळली नव्हती. ती आता घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींनी जुळवली आहे. पिंपातली बिअर नळातून फेसाळत ग्लासात उतरावी म्हणून त्यांना कार्बन डायऑक्साइडची काडतुसं लागतात. बोटाएवढी पोलादी कुपी, तिच्या तोंडाशी पातळशी टिकली. टिकलीला सुई टोचली की फुस्स. आठ ग्रॅमचं काडतूस सोड्याच्या सायफनसाठी, बारा ग्रॅमचं छऱ्याच्या पिस्तुलासाठी, आटे पाडलेलं सोळा ग्रॅमचं सायकलच्या चाकात झटपट हवा भरण्यासाठी. तिघंही दिसायला सख्खी भावंडं. (आठ ग्रॅमचंच चौथं एक भावंड आहे, केकवरची मलई फुगवणारं. त्याच्या पोटात मात्र नायट्रस ऑक्साइड असतो, तेव्हा घाईत डबा उचलणाऱ्याने आधी डब्यावरचं वाचावं.) किमतीत फरक पडतोच. मग हौशी माणूस स्वस्तातलं उचलतो आणि वर शास्त्र ऐकवतो: गॅस तो गॅस, त्याला काय जात असते?

हे शास्त्र बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्याला ऐकवून पाहावं. (दमोहकडचा हटा वेगळा, त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही.) मोहाच्या, बांबूच्या आणि चिन्नोर तांदळाच्या या मुलखात दारू कशी होते हे कुणी पुस्तक उघडून शिकत नाही. आदिवासी घराला स्वतःपुरती दारू करायला मध्य प्रदेशचा अबकारी कायदा मर्यादेत सूट देतो. बाकीच्यांनी परवान्याशिवाय चूल पेटवली तर गुन्हा. कायदा १९१५ चा, म्हणजे नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हाचा. अलीकडे सरकारला या दारूचा पुळकाही आला: २०२१ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाजारात आणण्याची घोषणा केली. काल ज्या मडक्याला लाथ बसत होती ते आज वारशात जमा झालं. पण खरी मौज पुढेच आहे. ज्याला घरी दारू करायची मुभा आहे त्याला गॅस नकोच असतो. मोहाची दारू वाफ थंड करून थेंबाथेंबाने निघते, तिला ना फेस लागतो ना नळ, आणि पहिल्या धारेच्या मालाला दाब देण्याची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही. ज्याला गॅस हवा आहे त्याच्या बिअरला परवानगी नाही. म्हणजे एकाकडे मुभा आहे, दुसऱ्याकडे काडतूस आहे, आणि दोघांची गाठ पडायची शक्यता शून्य.

शिवाय सडव्याकडे दोन मिनिटं पाहणाऱ्याला काडतुसाचा व्यवहारच चमत्कारिक वाटेल. सडवा खदखदतो, वर बुडबुडे फुटतात. तो बुडबुडा म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. हिशेब सरळ आहे: १८० ग्रॅम ग्लुकोज किण्वाने खाल्लं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस. निम्मी साखर ग्लासात, निम्मी हवेत. पाच टक्के अल्कोहोलच्या एका लिटर बिअरमागे असा पस्तीस-चाळीस ग्रॅम गॅस निघून जातो, म्हणजे आठ ग्रॅमची चार-पाच काडतुसं. दोन आठवडे फुकटचा गॅस खिडकीबाहेर सोडायचा आणि तिसऱ्या आठवड्यात तोच कुपीत भरलेला विकत आणायचा, याला छंद म्हणतात. बाटलीत चमचाभर साखर घालून बूच लावलं तर किण्व तो गॅस पुन्हा तिथेच करून देतं. साखरेचं माप चुकलं तर बाटली फुटते, ही गोष्ट वेगळी. पण नळाची ऐट बाटलीला कुठून येणार? इतिहासातही उलटी गंगा आहे. जोसेफ प्रिस्टली इंग्लंडातल्या लीड्सला राहायला गेले तर शेजारी बिअरची भट्टी. हौदांवर साठणाऱ्या या वायूवर त्यांनी प्रयोग केले आणि १७७२ मध्ये पाण्यात तो कसा मुरवावा यावर पुस्तिका छापली. जगातला सोडा बिअरच्या ओसरीवर जन्मला. आता बिअर सोड्याच्या दारात ‘थोडा गॅस द्या हो’ म्हणून उभी आहे.

आता ‘गॅस तो गॅस’ या शास्त्राकडे वळू. रेणू एकच, हे खरं. पण रेणू नुसता कधी येत नाही. लग्नाच्या वऱ्हाडासारखा कुणाला तरी सोबत घेऊन येतो. हा वायू खताच्या कारखान्यातून निघतो, डिस्टिलरीतून निघतो, जमिनीच्या पोटातूनही निघतो, आणि ज्या घरून निघतो तिथला वास अंगाला लावून घेतो. तो वास काढणं हाच ‘खाद्य दर्जा’ या शब्दांचा खरा अर्थ. १९९० च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या पेरिये कंपनीला आपल्या पाण्याच्या सोळा कोटी बाटल्या जगभरातून परत घ्याव्या लागल्या, कारण पाण्यात बेंझीन सापडलं. ते झऱ्याच्या वायूतूनच आलं होतं. वायू गाळणाऱ्या कोळशाच्या गाळण्या वेळेवर बदलल्या गेल्या नव्हत्या. १९९९ च्या जूनमध्ये बेल्जियममध्ये शाळकरी पोरं कोका-कोला पिऊन आजारी पडली, तेव्हा कंपनीने एका कारखान्यातल्या वायूच्या दर्जाकडे बोट दाखवलं. त्या आजारातला बराच भाग भीतीचा होता असं नंतर अभ्यासकांनी मांडलं. तेही मान्य करू. तरी एवढं उरतंच की ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, गाळण्या आणि पगारी शास्त्रज्ञ होते त्यांचाही वायू बिघडला. आपल्या हौशी माणसाकडे काय असतं? एक काडतूस आणि अमाप आत्मविश्वास. आणि ‘रेणू तोच’ म्हणून बिनधास्त राहणाऱ्याने २०२४ च्या मार्चमधलं गुरुग्राम आठवावं. तिथल्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून पाहुण्यांच्या हातावर कोरडा बर्फ पडला आणि पाच जणांच्या तोंडातून रक्त आलं. कोरडा बर्फ म्हणजे शुद्ध कार्बन डायऑक्साइड, रेणूला नाव ठेवायला जागा नाही.

दुसरा मुद्दा कुपीचा, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. छऱ्याच्या पिस्तुलाचं काडतूस ज्या कारणासाठी बनतं त्या कारणात माणसाचं पोट येत नाही. पत्रा ओढून कुपी घडवताना यंत्राचं तेल लागतं. ते आतून धुऊन काढायचं की नाही, हे पुढे ती कुपी कुणाच्या तोंडी लागणार यावर ठरतं. पिस्तुलाला तेलाचं वावडं नाही, उलट त्याच्या वायसरला ते मानवतं. म्हणून काही काडतुसांत वंगणाचा थेंब मुद्दाम घालून देतात आणि तसं छापतातही. सायकलवाल्या कुपीचंही तेच, ट्यूबला चव नसते. खात्री करायची तर हातमोजा घालून अशा कुपीतला गॅस पांढऱ्याशुभ्र टिपकागदावर हळूहळू सोडावा. आधी कागदावर कडकडीत बर्फ जमतो. तो उडून गेला की मागे कधी कोरडा कागद उरतो, तर कधी भज्यांच्या कागदावर पडतो तसा पिवळसर पारदर्शक डाग. डाग नाही म्हणजे गॅस शुद्ध, असं मात्र नाही. बेंझीन कागदावर सही करून जात नाही. पण डाग दिसला तर पुढची चर्चा संपते. ज्यांना पोटाची फिकीर नाही त्यांच्यासाठी एक खास माहिती: बिअरच्या फेसाचा तेलाइतका दुसरा वैरी नाही. तुपकट ग्लासात बिअर ओतून पाहा, फेस पाहता पाहता बसतो. ज्या फेसासाठी एवढा खटाटोप मांडला, तोच दोन पैसे वाचवण्याच्या नादात मारायचा, हा धंदा कुठला?

यावर कुणी म्हणेल, यासाठी सरकार नाही का? आहे, आणि हट्ट्यापासून फार लांबही नाही. देशातल्या गॅस सिलिंडरांवर नजर ठेवणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. सिलिंडर कुणी बनवला, कधी तपासला, हे त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. पण गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे सिलिंडर म्हणवून घ्यायला पात्र पाचशे मिलिलिटरपेक्षा मोठं हवं. आपल्या आठ ग्रॅमच्या काडतुसाचं पोट दहा मिलिलिटरचं. नियमाच्या चाळणीतून ते खसखशीसारखं खाली पडतं. तेव्हा त्या कुपीची जन्मपत्रिका म्हणजे तिच्या अंगावर नि डब्यावर छापलेली अक्षरं, दुसरं काही नाही. खाद्यपेयांसाठी आहे असं बनवणाऱ्याने स्वतःच्या नावानिशी छापलं असेल तर तो त्या शब्दाला बांधलेला असतो. उद्या भांडायला एक गचांडी तरी सापडते. छापलं नसेल, किंवा ‘खाण्यापिण्यासाठी नाही’ असं बारीक अक्षरांत छापलं असेल, तर त्याने आपल्याला आधीच सांगून टाकलं आहे. बनवणाराच ‘नको’ म्हणतो आणि विकत घेणारा ‘चालतंय हो’ म्हणतो, असा बाजार आपल्याकडेच भरू शकतो.

आक्षेप येतीलच. पहिला: मात्रा किती ती, तेलाचा एखादा कण! पण पाच लिटरचं पिंप नुसतं रिकामं करायचं, म्हणजे निघालेल्या बिअरची जागा बेताच्या दाबाने भरत जायची, तर पंधरा-सोळा ग्रॅम गॅस लागतो. बिनफेसाची बिअर आधी फेसाळ करायची असेल तर वर पंचवीसेक ग्रॅम. एका पिंपामागे पाच-सहा कुप्यांचा कण, आणि छंद म्हटला की एका पिंपावर कुणी थांबत नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: नाक्यावर गोटी सोडा पिताना तुम्ही सिलिंडरचं कूळ विचारता का, वेल्डिंगवाल्याकडचा निघाला तर? विचारत नाही, हे कबूल. विचारायला हवं, हेही कबूल. पण एका ठिकाणी डोळे मिटले म्हणून दुसऱ्या ठिकाणीही मिटावेत, हा न्याय घरी पंगत वाढतानाही लावणार का? नाक्यावर पाणी कुठलं ते ठाऊक नसतं, म्हणून कुणी घरच्या माठात डबक्याचं पाणी भरत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गोड: एवीतेवी बिअरच बेकायदा, मग काडतूस कायदेशीर कशाला? २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच तर्कशास्त्राने. दारूत अल्कोहोल, कारखान्याच्या पिंपातही अल्कोहोल. एक इथिल, दुसरं मिथिल, एका अक्षराचा तर फरक. काडतुसातलं तेल मिथेनॉलइतकं जहाल नाही, तशी तुलना कुणी करू नये. पण ‘तो माल वेगळ्या कामाचा असला तरी काय झालं’ हे वाक्य दोन्हीकडे शब्दशः तेच आहे.

एक गोष्ट मात्र खाद्य दर्जाच्या महागड्या कुपीलाही लागू. या वायूचं ३१ अंशांशी वैर आहे. त्याखाली कुपीत द्रव आणि वाफ नांदतात, २० अंशांना दाब वातावरणाच्या सत्तावन्न पट, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या पंचवीस-तीस पट. ३१ च्या वर द्रव उरतच नाही आणि पारा चढेल तसा दाब भसाभस चढतो; म्हणून कुप्यांवर ‘५० अंशांच्या वर नको’ असं छापलेलं असतं. ते छापणाऱ्याने मे महिन्यात बालाघाटच्या उन्हात उभी केलेली मोटारसायकल पाहिलेली नसावी. तिच्या डिकीत डझनभर कुप्या घेऊन गोंदियाहून हट्ट्याकडे निघालेला हौशी माणूस बिअरवाला कमी आणि दारूगोळ्याचा वाहतूकदार जास्त असतो.

वाटेत नाकाबंदी लागली तर पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराची खरी परीक्षा. मुद्देमाल काय लिहायचा? काडतुसं आहेत, कट्टा नाही. दारूचं पिंप आहे, पण गावठी म्हणावं तर त्याला पितळी नळ आहे. शेवटी तो आपल्या सवयीप्रमाणे लिहील: जिवंत काडतुसे सहा, रिकाम्या पुंगळ्या सहा, आणि फेस बसलेली बिअर अंदाजे पाच लिटर.