सध्या तयारी चालू आहे

नवी पेठेत गेल्या अठरा वर्षांत मेस बदलल्या, चहाच्या टपऱ्या हलल्या, राज्यसेवेचा पॅटर्न तर इतक्यांदा बदलला की आपण नेमक्या कोणत्या परीक्षेत नापास झालो हेच जुन्या पोरांना आठवत नाही. दादा मात्र आहे तिथंच आहे. काय करतोस, असं त्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: "सध्या तयारी चालू आहे."

हे सांगताना त्याच्या हातात दोन अभ्यासिकांच्या किल्ल्यांचा जुडगा असतो.

दादा 2007 साली परभणीहून बीएस्सी ॲग्री करून पुण्यात आला. एका खोलीत सहाजण, कॉट बेसिसवर. मी चार वर्षं त्याच्या शेजारच्या कॉटवर काढली, म्हणून हे अधिकारानं सांगतो. पहाटे चारचा गजर तो लावायचा आणि बंद मी करायचो.

फॉर्म ऑनलाइन झाले तेव्हा गावाकडून आलेल्या पोरांना फोटो किती केबीचा करायचा हे उमगेना. दादानं एकाचा फॉर्म भरून दिला, मग दुसऱ्याचा. आधी चहावर, नंतर वीस रुपयांवर. त्या वर्षी त्याची पूर्व परीक्षा थोडक्यात गेली. "डिस्टर्ब झालं रे अभ्यासात. आता हे बंद," म्हणाला. पुढच्या जाहिरातीला दर पन्नास रुपये झाला होता.

पुस्तकांचं डोकं मात्र अस्सल त्याचं. पोस्ट निघाली की पोरगं तिसऱ्या दिवशी गादी गुंडाळून चालू लागतं आणि पुस्तकं रद्दीत जातात. दादानं ती किलोवर घ्यायला सुरुवात केली. लक्ष्मीकांतच्या पॉलिटीच्या पुस्तकाची कोरी प्रत अप्पा बळवंत चौकात कुणालाही मिळते. पण "हे तहसीलदारानं वाचलेलं आहे" एवढं म्हटलं की जुनी प्रत नवीपेक्षा महाग जायची. पिवळ्या रेघा जितक्या जास्त तितका भाव चढा. एका रात्री मला जाग आली, तर दादा एका कोऱ्याकरकरीत पुस्तकात हायलायटरनं रेघा ओढत बसलेला.

"हे काय?"

"रिव्हिजन."

खोटं नव्हतं ते. पॉलिटीत त्या वर्षी आमच्या खोलीत त्याच्याइतके मार्क कुणालाच नव्हते.

2013 साली पूर्व परीक्षेत सीसॅटचा पेपर आला आणि त्यानं दादाचे सलग तीन अटेम्प्ट खाल्ले. चौथ्या वर्षी दादानं सीसॅटची बॅच सुरू केली. मी पोट धरून हसलो, आणि एकदा गंमत म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. उताऱ्यावरच्या प्रश्नात चारपैकी कोणता पर्याय माणसाला भुलवतो, हे तो ज्या तळमळीनं सांगत होता ते कोणत्याही पास झालेल्याला जमलं नसतं. तो एकेका पर्यायाला स्वतः भुललेला होता.

अभ्यासिका ही त्यानंतरची. प्लायवूडचे आडोसे, खुर्चीमागं एक दिवा, साध्या सीटचा दर वेगळा, एसीचा वेगळा. भिंतीवर पाटी: "चर्चा बाहेर." हिशेब ठेवायची त्याची पद्धत घटनात्मक आहे. कपाटात बोर्नव्हिटाचे दोन रिकामे डबे. एकावर मार्करनं लिहिलंय 266, दुसऱ्यावर 267. पहिला एकत्रित निधी, दुसरा आकस्मिकता निधी. 266 मधून चहाला दहा रुपये काढायचे तरी आधी वहीत मंजुरी लिहावी लागते. 267 उघडायचा तो अकल्पित खर्चासाठीच. 2020 च्या लॉकडाउनमध्ये पेठ आठवड्याभरात रिकामी झाली, जागेचं भाडं काही थांबलं नाही, तेव्हा तो डबा तळापर्यंत खरवडला गेला. दुसऱ्यांदा उघडला तो माझ्यासाठी. मी मंत्रालयात लिपिक म्हणून लागलो आणि मुंबईतल्या खोलीचं डिपॉझिट ऐकून खाली बसलो, तेव्हा. वहीत नोंद आहे: "अकल्पित. याला पोस्ट मिळाली."

वेतनश्रेणी त्याला झोपेतून उठवून विचारा. उपजिल्हाधिकारी 56,100 पासून, पीएसआय 38,600, लिपिक 19,900. हा शेवटचा आकडा तो माझ्याकडे न बघता सांगतो. स्वतःला महिन्याकाठी किती सुटतात हे त्यानं कधी मोजलं नाही. एकदा मीच मोजलं. मग तो कागद फाडून टाकला. बायकोच्या हाती लागायला नको.

दर रविवारी गावाहून वडिलांचा फोन. "लागला का रे निकाल?" "लागंल की, बापू." गावाकडचं घर याच्या पैशांत उभं राहिलं, धाकटीचं लग्नही त्यातच झालं. तरी बापू पाहुण्यांना सांगतात, थोरलं अजून बसूनच आहे.

स्पर्धा परीक्षेत हरला म्हणून धंद्यात शिरला, असं त्याच्याबद्दल बोलतात. मला ते पटत नाही. गळक्या एसीखाली बादली सरकवताना, निकालाच्या दिवशी जिन्यात बसलेल्या पोराला ओढून चहाला नेताना दादा शीळ घालत असतो. पुस्तक उघडलं की जांभया. पण हे त्याला सांगायची सोय नाही. "हे तात्पुरतं आहे," असं तो चिडून म्हणतो.

खुल्या गटाची वयोमर्यादा 38. दादानं ती तीन वर्षांपूर्वी ओलांडली. खचला असेल म्हणून मी मुद्दाम मुंबईहून गेलो. हा गडी मांडीवर राज्यघटना उघडून बसलेला.

"316 वाच. राज्य लोकसेवा आयोगाच्या सदस्याला कितव्या वर्षापर्यंत राहता येतं?"

"बासष्ट."

"आणि सरकारी नोकरीत दहा वर्षं काढलेले किती लागतात? साधारण निम्मे. उरलेले निम्मे कोण?"

मी गप्प.

"आणि त्याला पूर्व नाही, मुख्य नाही, सीसॅट तर नाहीच नाही."

दादा आता 41 चा आहे. दरम्यान राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळं त्याची उत्तरलेखनाची नवी बॅच येत्या सोमवारपासून सुरू होतेय. फी दोन हप्त्यांत चालते.