अधांतरीची जकात

प्रवास आणि जकात यांचे सख्य पुरातन आहे. घाटमाथ्यावरच्या जकातदाराने बैलांच्या पाठीवरील गोण्या मोजाव्यात आणि नदीकाठच्या नावाड्याने उतारूंची डोकी मोजावीत, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परंतु ज्याला ना वजन, ना रंग, ना गंध, अशा बिनतारी इंटरनेटवर प्रवाशाकडून महसूल वसूल करण्याची युक्ती निःसंशय आपल्याच काळाची. त्यातल्या त्यात रेल्वे दयाळू म्हणावी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला सुरू झालेले मोफत वाय-फाय यथाकाल हजारो स्थानकांत पोहोचले आणि मार्च २०२१ मध्ये त्यावर दर बसले, तेव्हाही रोजची पहिली ३० मिनिटे माफ राहून १० रुपयांत ५ जीबीची सोय झाली.

आकाशात मात्र भाव निराळा. २००४ साली बोइंगने विमानांतून ही सेवा सुरू केली, तेव्हा लांबच्या उड्डाणाला सुमारे ३० डॉलर पडत. पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने २००६ मध्ये ते दुकान उठले. त्या काळचे उतारू डोळ्यांवर पट्टी बांधून फुकट झोपणे पसंत करीत, यात त्यांचा अडाणीपणा होता की शहाणपण, याचा उलगडा मला मुंबई-फ्रँकफुर्ट विमानात, शेजारच्या आसनावरील सातारकर गृहस्थांमुळे झाला.

मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी आधीच पुढे गेलेल्या. कार्ड मुलीचे, त्याचा सोळा आकडी क्रमांक डायरीच्या पानावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेला. गृहस्थांनी एकेक आकडा मोठ्याने उच्चारून दाबला, न वाचलेल्या अटी-शर्ती बिनतक्रार कबूल केल्या, आणि मुलीने तिकडे आपल्या मोबाइलवर मंजुरी देताच एका तासाचा परवाना पदरात पडला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आता त्यांच्या सेवेस सिद्ध होता. म्हणजे इथून वर आणि तिथून खाली, असा सत्तर हजारांहून अधिक किलोमीटरांचा, पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून उरावा एवढा मार्ग आक्रमून त्यांचा निरोप पत्नीपर्यंत पोहोचणार होता. निरोप होता : ‘विमान सुटलं.’

उत्तर तत्काळ आले : ‘बरं. डिंकाचे लाडू कुठल्या बॅगेत ठेवलेत?’

गृहस्थांचा चेहरा उतरला. लाडवांचा डबा साताऱ्यात, ओट्यावर, कुलूपबंद घरात विराजमान होता. पूर्वीच्या प्रवासात अशा वार्ता मुक्कामी पोहोचेपर्यंत अदबीने थांबत आणि तोवर माणूस निर्वेधपणे जेवत-घोरत असे; आता मात्र ती चिंता रोख रक्कम मोजून, भूमध्य समुद्रही दिसण्याआधी, स्वहस्ते मागवून घ्यावी लागते. गृहस्थांनी ‘अगं’ एवढे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. समोरचा चहा निवला. अखेर पडद्यावर मुदत संपल्याची नोटीस झळकली आणि खाली वाढीव मुदतीचा दर आला.

“मुदतवाढ घेणार का?” मी विचारले.

“छे हो!” त्यांनी फोन खिशात घातला, हवाईसुंदरीकडे दुसरा चहा मागितला आणि प्रसन्नपणे पाय लांब केले. “विमानात रेंज नसते, हे तिला माहीत आहे.”