पाटी वाचायला थांबणारी माणसं

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांना नायगारा दाखवून झाला, न्यूयॉर्क झालं, की पुढच्या शनिवार-रविवारी यांचं काय करायचं हा प्रश्न साऱ्या घराला पडतो. व्हर्जिनियात राहणाऱ्यांची त्यातून आपसूक सुटका होते. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं इथे उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध धुमसत होतं, आणि त्याच्या आठवणीच्या पाट्या वळणावळणावर उभ्या आहेत. रस्त्याच्या कडेला एका खांबावर रुपेरी पत्रा, त्यावर काळी ठसठशीत अक्षरं. १९२७ साली हा उपक्रम सुरू झाला तेव्हा मोटारी बहुधा निवांत चालत असाव्यात. आता मथळा वाचून होईतो पाटी मागे पडलेली असते. मी "अरे, थांबव जरा" म्हणतो, आणि जावई अत्यंत अदबीनं "बाबा, इथे थांबता येत नाही" म्हणत पुढे निघतो. त्यामुळे या युद्धाचा माझा व्यासंग मुख्यत्वे मथळ्यांचा आहे.

मथळ्यांच्या पलीकडचं वाचायला रणभूमीवरच उतरावं लागतं. मनॅससला उतरलं की हिरवळ दिसते, मऊ टेकड्या दिसतात, आणि इथे कुणी कुणाला मारलं असेल यावर विश्वास बसत नाही. २१ जुलै १८६१ला, पहिल्या मोठ्या लढाईच्या दिवशी, तोच अविश्वास वॉशिंग्टनच्या प्रतिष्ठितांनाही वाटला असावा. शिदोऱ्या बांधून, बग्ग्या जोडून ते लढाई बघायला आले. संध्याकाळी पळत्या सैन्याबरोबर पळत परतले. रणभूमीच्या मधोमध राहणाऱ्या ज्यूडिथ हेन्री या पंचाऐंशी वर्षांच्या विधवेला पळता येत नव्हतं. अंथरुणाला खिळलेली ती बाई तोफगोळ्यांनी घरातच गेली. तिची कबर तिथेच, दाराशी आहे. शेजारी एका सेनापतीचा भव्य पुतळा असला तरी मला त्या टेकडीची खरी मालकीण तीच वाटते.

स्मारकांची तऱ्हाही अजब. मेरिलँडमधल्या अँटिएटमला १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात सुमारे तेवीस हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा नाहीशी झाली. आणि तिथलं एक उंच स्मारक आहे गरम कॉफी वाढल्याबद्दल! वाढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली झाला, हे कारण खरं. पण गोळ्यांच्या वर्षावात उपाशी माणसांपर्यंत कॉफी पोचवणाऱ्याला दगडात कोरावं, हे मला पटतं. आमच्याकडे पंगतीत वाढणाऱ्याचं नाव कुणी विचारतही नाही. तिकडे चॅन्सलर्सव्हिलजवळ एलवुड नावाच्या वाड्याच्या दफनभूमीत दक्षिणेच्या जनरल जॅक्सनचा नुसता डावा हात पुरलेला आहे. १८६३च्या मे महिन्यात अंधारात त्याच्याच सैनिकांच्या गोळ्या लागल्या, हात कापावा लागला, आठवड्यानं तोही गेला. त्याचं शरीर दूर लेक्सिंग्टनला, हात इथे, आणि हाताला स्वतंत्र दगड. त्याच्या घोड्याचं कातडं साच्यावर चढवून संग्रहालयात उभं आहे, हाडं १९९७ साली निराळी पुरली. माणूस एकदा मोठा झाला की त्याला एका जागी स्वस्थ पडूही देत नाहीत.

पण माझा जीव जडला तो विल्मर मॅक्लीन या व्यापाऱ्यावर. मनॅससजवळच्या त्याच्या घरात दक्षिणेच्या सेनापतीनं मुक्काम ठोकला आणि एक तोफगोळा थेट स्वयंपाकघराच्या चुलीत येऊन पडला. गृहस्थानं बिऱ्हाड हलवलं ते शंभरावर मैल दूर, ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाऊस या आडगावी. ९ एप्रिल १८६५ला तिथे युद्धच त्याचं दार ठोठावत आलं: शरणागतीसाठी चांगला दिवाणखाना हवा होता. दक्षिणेचा सेनापती ली आणि उत्तरेचा ग्रँट भेटले, सह्या झाल्या, आणि ते निघताच बाकीच्या अधिकाऱ्यांनी टेबलं-खुर्च्या आठवण म्हणून उचलल्या. काहींनी पैसे दिले. मॅक्लीनच्या लहानग्या मुलीची चिंध्यांची बाहुलीही एकानं नेली. पुढे, १८९३मध्ये, घरच उतरवलं, वॉशिंग्टनला नेऊन मांडण्यासाठी. पैसे संपले, विटा-वासे जागीच कुजत पडले. आजचं घर नंतर पुन्हा बांधलेलं आहे. बाहुली मात्र खरी; नेणाऱ्याच्या घराण्याकडून ती परत आली.

त्या दिवाणखान्याचा हादरा मुंबईपर्यंत पोचला होता. अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या रातोरात उगवल्या. युद्ध संपल्याची बातमी येताच सगळं कोसळलं, कापसाचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यासकट. तेजीत त्यांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर तेवढा उभा राहिला. त्याच्या सावलीतून मी उमेदीची वर्षं ये-जा केली, पण व्हर्जिनियाशी त्याचं नातं सांगणारी एकही पाटी मला तिथे भेटली नाही.

आणखी एक नातं आहे, कापसाहून सखोल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते पुण्यात बसून ज्या गुलामगिरीकडे बघत होते, ती व्हर्जिनियातल्या पाट्यांवर फार उशिरा आली. कितीतरी वर्षं पाट्यांनी कोणती पलटण कुठून कुठे गेली एवढंच मोजलं. ॲपोमॅटॉक्स परगण्यात तेव्हा निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. आपला बिचारा मॅक्लीनही गुलामांचा मालकच होता, हे कळल्यावर त्याच्यावरचं माझं प्रेम जरा अवघडून बसलं.

तेव्हा कधी ॲपोमॅटॉक्सला गेलात तर मॅक्लीनच्या दिवाणखान्यात फार रेंगाळू नका. ती टेबलं नकला आहेत. ग्रँटचं खरं टेबल वॉशिंग्टनला आणि लीचं शिकागोला आहे. मागच्या अंगणात स्वयंपाकघर आणि गुलामांची खोली पुन्हा बांधून ठेवली आहे. बरेच जण तिथवर न जाताच गाडीकडे वळतात. तुम्ही जा, आणि तिथे सवडीनं थांबा.