लायसनही गाडीचंच दाखवा, साहेब!

प्रति,
माननीय एडासवाले साहेब,
मुक्काम सोमवार ते शुक्रवार मुंबई, शनिवार-रविवार आमचा अलिबाग तालुका.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले जाहीर आभार मानायचे राहून गेले होते. चालकाविना धावणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास कसा बसवायचा, या एका प्रश्नापायी जगातल्या बड्या कंपन्या अब्जावधी डॉलर ओतून बसल्या आहेत. आपण मात्र एका शनिवारी दुपारी, दमडीचाही खर्च न करता, आमच्या अख्ख्या पंचक्रोशीचं मत कायमचं बनवून टाकलंत. आता चौल-रेवदंड्याकडे 'आपोआप चालणारी गाडी' असं नुसतं म्हटलं तरी माणसं रस्ता सोडून गटाराच्या कडेला उभी राहतात. एकट्या माणसाने एवढं काम करायचं म्हणजे खायची गोष्ट नाही.

प्रसंग आपल्याला आठवत नसेल, कारण आपण तो पाहिलाच नाहीत. मी पाहिला, म्हणून सांगतो. नागावकडून चौलला येणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून वळणं घेत येतो. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या, तर एकीने वाडीच्या कुंपणाला अंग घासायचं, असा तिथला रिवाज. आपली पांढरी टोलेजंग गाडी त्या रस्त्याने आली, तेव्हा स्टेअरिंगच्या दांडीत पाण्याची अर्धी भरलेली बाटली खोचलेली होती. आपले दोन्ही हात डोक्यामागे, मान मागे वळलेली, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी आपलं चित्रण करत होतं. तेवढ्यात एक मावशी म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन वाडीतून रस्त्यावर आल्या. गाडीने करकचून ब्रेक मारला. मावशी वाचल्या, पाटीतली मांदेली तेवढी रस्त्यावर सांडली. हे श्रेय शंभर टक्के गाडीचं, ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. मागून मिनिडोअर येत होती. तिच्यात ब्रेक मारायला माणूस होता, आणि माणसाचा पाय ब्रेकवर पोचायला सेकंदभर तरी जातो. ती आपल्या बंपरात शिरली आणि तिचा पुढचा दिवा फुटला.

आपण खाली उतरलात आणि जमलेल्या लोकांना म्हणालात, "मी ब्रेक मारलाच नाही. गाडीने मारला."

त्यावर मिनिडोअरवाला शांतपणे म्हणाला, "मंग लायसन पन गारीचाच दाखव, शेट."

मागून धडकणाऱ्याची चूक धरतात, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने दिव्याचे पैसे मागितलेच नाहीत. त्याने मागितलं ते लायसन. जगभरचे कायदेपंडित आणि विमा कंपन्या ज्या प्रश्नावर डोकं खाजवत बसल्या आहेत, तो त्याने एका वाक्यात आपल्यापुढे ठेवला. आपण काच वर करून निघून गेलात.

बरं, त्याचा प्रश्न नुसता टोमणा नव्हता. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी शहरात, उबरची चाचणीची गाडी सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंवर आदळली आणि त्या गेल्या. गाडी स्वतःच चालत होती, पण तिच्यावर नजर ठेवायला एक चालक बसवलेली होती. ती त्या वेळी मोबाइलवर करमणुकीचा कार्यक्रम बघत होती. पुढे कंपनीवर फौजदारी खटला चाललाच नाही. २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला तो त्या चालकाने. म्हणजे साहेब, यंत्र कितीही हुशार असो, कठड्यात उभं राहायची वेळ आली की लायसनवाल्यालाच हाक मारतात. आपल्याकडेही वेगळं काही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला गाडीमागे माणूस लागतो. २०१९ च्या दुरुस्तीत संशोधनासाठी काही गाड्यांना नियमांतून सूट देण्याची सोय सरकारने ठेवली आहे खरी, पण काशीदची सहल आणि त्यावरची रील हे संशोधनात मोडत असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आपण गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं नसणार, असा माझा अंदाज आहे. म्हणून थोडक्यात सांगतो. गाडी किती स्वतंत्र आहे हे मोजायला जगात शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात. पाचवी म्हणजे कुठेही, कसल्याही हवेत, माणसाशिवाय. ती अजून जगात कुठेच विकायला नाही. चौथी म्हणजे ठरावीक शहरात, ठरावीक भागात माणसाशिवाय. सॅन फ्रान्सिस्को आणि फिनिक्समध्ये वेमोच्या टॅक्सी तशा फिरतात. आपण हप्त्यावर घेतलेली आहे ती दुसरी पायरी, म्हणजे आपलं ते 'एडास', चालकाला नुसती मदत करणारी यंत्रणा. दुसऱ्या पायरीवर गाडी ब्रेक मारते, वेग सांभाळते, स्टेअरिंगला हलकासा हात लावते. डोळे मात्र आपले. दुसरीत नापास झालेल्या पोराला पाचवीत बसवलं, तर शाळेचं नाव खराब होतं. पोराचं कोण विचारतो!

आता त्या बाटलीबद्दल. स्टेअरिंगवर माणसाचा हात आहे की नाही, हे गाडी त्यावर पडणाऱ्या जोरावरून ओळखते. हात काढला की टुणटुण करते, ओरडते, शेवटी आपलं काम सोडून देते. ही एवढीच काय ती अक्कल कंपनीने आपल्यासारख्यांसाठी तिच्यात घातली, आणि आपण तिला बाटली देऊन गप्प केलंत. यंत्रावर लोक विश्वास ठेवतील का, यावर परिसंवाद भरपूर झाले. यंत्राने आपल्यावर का म्हणून विश्वास ठेवावा, यावर एखादा भरला तर मी स्वखर्चाने येईन.

आणि गाडी बिचारी आपल्यापेक्षा फार प्रामाणिक आहे. शिवडीला आपण अटल सेतूवर चढता. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला जवळपास २२ किलोमीटरचा तो पूल, पांढरेशुभ्र पट्टे, ना गुरं, ना दुचाकी. आरशामागच्या कॅमेऱ्याला ते पट्टे वाचता येतात, आणि आपल्याला वाटतं गाडी चालवायला शिकली. मग चिरल्याला आपण खाली उतरता आणि रायगड जिल्हा सुरू होतो. पुढे मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्या साली जन्मलेल्या पोरांना मिसरूड फुटायला लागलं, आणि दर गणपतीला मंत्र्यांचा पाहणी दौरा होऊन नवी तारीख मिळते. तिथे पट्टा असतो, मग नसतो, मग 'वळण' लिहिलेल्या पत्र्यापुढे दोन पट्टे एकमेकांना छेदून जातात. पावसाळ्यात पुढच्या डंपरच्या चाकांनी उडवलेला लाल चिखल काचेवर बसतो. अशा वेळी गाडीच्या पडद्यावरचं पट्ट्याचं हिरवं चित्र करडं होतं. म्हणजे ती सांगते, बाबा रे, मला दिसत नाही. दिसत नाही असं कबूल करणारा दुसरा चालक मी या महामार्गावर आजवर पाहिलेला नाही.

चालकाविना गाड्या देशात येऊ देणार नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या आयआयएमच्या कार्यक्रमात म्हणाले. लाखो चालकांच्या पोटावर पाय येईल, हे त्यांचं कारण, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. फक्त एवढंच सुचवावंसं वाटतं की वेगळ्या आदेशाची गरज नव्हती. त्यांच्याच खात्याचा आमचा महामार्ग हे धोरण कित्येक वर्षं चोख राबवतो आहे.

आपल्या जातकुळीची माणसं या किनाऱ्याला नवी नाहीत. २०२४ सरता सरता मुंबईहून आलेली एक फेरारी रेवदंड्याच्या पुळणीत रुतली आणि शेवटी बैलगाडीने ओढून काढावी लागली. ते दृश्य सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं. त्या बैलांनी आपण होऊन ती गाडी तिथे नेली नसती, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. २०२५ च्या जुलैत बेलापूरला, नकाशा बघत उलव्याकडे निघालेली एक गाडी पुलावर चढण्याऐवजी पुलाखालून गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत. चालवणाऱ्या बाईंना सागरी सुरक्षा पोलिसांनी बाहेर काढलं. नकाशा चुकला म्हणून लोक हसले. पाणी समोर आल्यावर नकाशा बघायचा की पाणी, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

बघणाऱ्या माणसाची किंमत काय असते, ते आम्हाला महाडने शिकवलं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं गेली. काळोखात, धो धो पावसात, पुढे पूलच नाही हे पुढच्या कुणाला दिसणार? पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाला तो कोसळल्याचा आवाज आला. तो पावसात धावत सुटला आणि मागून येणाऱ्या गाड्या त्याने अडवल्या. त्याच्याकडे ना कॅमेरा होता, ना रडार. तो जागा होता, बस्स.

आमच्याकडे विश्वास असा बसतो. एसटीच्या चालकाने वर्षानुवर्षं अपघात न करता गाडी हाकली की महामंडळ त्याचा सत्कार करतं. त्यामागे हजारो फेऱ्या असतात, आणि त्या सगळ्या प्रवाशांच्या डोळ्यांदेखत झालेल्या असतात. गाडी घासली तरी डेपोत जाब द्यावा लागतो. परदेशातही शेवटी हेच ठरतंय. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीच्या धडकेने समोर येऊन पडलेल्या बाईला क्रूझ कंपनीच्या चालकरहित गाडीने सुमारे २० फूट फरफटत नेलं. अपघात भयंकर होताच. पण कंपनी बुडाली ती फरफटीची गोष्ट अधिकाऱ्यांपासून झाकली म्हणून. महिना संपायच्या आत परवाना स्थगित झाला, आणि २०२४ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा धंदाच गुंडाळला. झाकपाकीवर एवढी मोठी कंपनी उभी राहिली नाही. आपण तर नुसती काच वर केली होती.

आपल्याला वाटेल, हा कुणी यंत्राचा वैरी आहे. उलट आहे, साहेब. या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्या गाड्या माणसंच चालवत होती. डुलकी, दारू, घाई, उलट्या बाजूने ओव्हरटेक ही सगळी माणसाचीच देणगी. यातलं निम्मं जरी यंत्राने टाळलं तरी मी त्याला हार घालीन. आणि खरी गरज आम्हालाच आहे. आमच्या गावांतली पोरं मुंबई-पनवेलला कामाला, मागे घरात म्हातारा आणि म्हातारी. शेवटची एसटी गेल्यावर रात्री छातीत कळ आली, तर अलिबागच्या सिव्हिलला न्यायचं कुणी? शेजाऱ्याला उठवायचं, त्याने रिक्षावाल्याला उठवायचं, रिक्षावाल्याने चावी शोधायची. दाराशी येऊन नीट घेऊन जाणारी, न झोपणारी, न पिणारी गाडी पहिल्यांदा कुणाला हवी असेल, तर ती त्या म्हातारीला. पण उद्या ती खरोखर आली, तरी म्हातारी तिच्यात पाय ठेवणार नाही. तिने आपली गाडी पाहिली आहे. तिच्या जाऊबाईच होत्या त्या, मांदेलीच्या पाटीवाल्या.

म्हणून मी आपल्याला गुन्हेगार म्हणतो. रस्त्यावर मांदेली सांडली त्याचं नाही एवढं. ज्या यंत्राने मावशींचा जीव वाचवला, त्याच यंत्राचं नाव आपण गावात घालवलंत, आणि वर तोंड करून दोष त्याच्यावरच टाकलात.

पुढच्या शनिवारी आपण येणारच. रो-रोने मांडव्याला उतरलात काय किंवा चिरल्याला पूल उतरलात काय, गाडी बाजूला घ्या. ती बाटली काढा, त्यातलं पाणी प्या, मोबाइल मागच्या सीटवर फेका आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवा. एवढं जड जात असेल तर चालक ठेवा. पोयनाडपासून रेवदंड्यापर्यंत मिनिडोअर आणि टेम्पोवर हात बसलेली माणसं भरपूर आहेत, दोन दिवसांची रोजंदारी त्यांना हवीच आहे. आणि चौलच्या नाक्यावर कुणी लायसन मागितलं, तर काच खाली करून ते दाखवा.

आपला,
रस्त्याच्या कडेने चालणारा एक रहिवासी,
चौल, ता. अलिबाग, जि. रायगड